वैशालीचा बोलण्याचा पेपर

दिवाळी आटोपली की आमच्या देवळीत हवा कोरडी होते. ओठ फुटायला लागतात. संध्याकाळी घरी येताना मळलेल्या सोयाबीनच्या कुटाराचा वास येतो आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले दिसतात, भरलेल्या गाड्यांमधून उडालेले. याच दिवसांत आमच्या कॉलेजच्या ऑफिसातही गर्दी वाढते. मी तिथे लिपिक आहे. परीक्षेचे फॉर्म, दाखले, गुणपत्रिकांच्या प्रती, सगळं माझ्याच खिडकीतून जातं.

परवा एक मुलगी आली. शिक्षण इंग्रजीतून झाल्याचा दाखला तिला हवा होता. बाहेरदेशी शिकायला जायचं आहे, पुढच्या महिन्यात इंग्रजीची परीक्षा आहे म्हणाली. दाखला हातात पडला तरी ती हलेना.

"सर, तुमच्या मॅडमनं ही परीक्षा दिलती ना? त्याईनं बोलण्याची तयारी कशी केली?"

"रोज बोलायची. घरीच."

"कोणासोबत?"

"माझ्यासोबत," मी म्हणालो.

"मग तर तुम्हालेच विचारायला पाहिजे," ती हसून म्हणाली. मी एक फाईल ओढली आणि कामात आहे असं दाखवलं. ती गेली. मी तिच्याशी खोटं काही बोललो नव्हतो. पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला.

वैशाली माझी बायको. तेव्हा ती वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती. आमची मुलगी मनू चार वर्षांची. मी, वैशाली, मनू आणि माझी माय, इतकेच घरात. शेती मोठा भाऊ बघायचा, पण वेचलेला कापूस ठेवायला त्याच्याकडे जागा नव्हती. म्हणून दरवर्षी तो कापूस आमच्या समोरच्या खोलीत यायचा. खिडकीच्या गजांपर्यंत ढीग. खोलीभर सरकीचा तेलकट, उबदार वास. त्या खोलीतून कुणीही बाहेर आलं की केसांत, भुवयांत पांढरे तंतू असायचे.

त्या ढिगाला टेकून वैशाली इंग्रजी बोलायची.

तिला परदेशात नर्सिंगची पुढची पदवी घ्यायची होती. विद्यापीठानं जागा द्यायचं कबूल केलं होतं, एका अटीवर. इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं, चारही भागांत सात गुण हवे होते. ऐकण्याची तिला भीती नव्हती. वाचायची तर ती भराभर. तिचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं. पण ते इंग्रजी कागदावरचं होतं. औषधाचं नाव, वेळ, किती मिली, ताप किती. पेशंटच्या उशाशी ती वऱ्हाडीतच बोलायची. "बाबाजी, पाय सरळ करा. दुखून राह्यलं का?" आयुष्यात सलग दोन मिनिटं इंग्रजीत बोलायची तिच्यावर कधी वेळच आली नव्हती.

आणि परीक्षेत नेमकं तेच होतं. समोर एक कार्ड येणार. तुमच्या आवडत्या शिक्षकाबद्दल सांगा, लहानपणीच्या एखाद्या घराबद्दल सांगा. विचार करायला एक मिनिट, मग दोन मिनिटं बोलायचं. मध्ये कुणी काही विचारणार नाही, मान डोलावणार नाही.

संध्याकाळी ड्यूटीवरून आली की ती हातपाय धुऊन कापसाच्या खोलीत जायची. मी दारात खुर्ची टाकून बसायचो. सरावाचं कार्ड मी वाचायचो आणि मोबाईलवर वेळ मी लावायचो. ती बोलायला लागायची. चाळीस सेकंद झाले की तिची नजर छताकडे जायची. 'आय रिमेंबर' म्हणून ती थांबायची. पुढचं तिला वऱ्हाडीत आठवत असायचं. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मोबाईलवर आकडे पळत राहायचे आणि खोलीत इतकी शांतता व्हायची की मागच्या अंगणात नळाखाली भरणाऱ्या बादलीचा आवाज ऐकू यायचा.

पहिल्या वेळी ती नागपूरला एकटीच गेली. दिवाळीच्या आधी. निकाल मोबाईलवर आला तेव्हा आम्ही दोघंही घरी होतो. तीन भागांत सात, साडेसात. बोलण्यात साडेसहा. ती दोनदा बघून मोबाईल पालथा ठेवून बसली. मायनं विचारलं काय झालं, मी सांगितलं. माय म्हणाली, "बरं झालं, पोरी. लेकरू लहान आहे अजून."

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. माठाशी उभा राहून ग्लास भरला आणि माझ्या लक्षात आलं की मला आनंद झाला आहे. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. मी दोन ताटं घेतली, वांग्याची भाजी गरम केली, तिला वाढलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि जेवायला लागली.

मला नेमकं काय नको होतं, हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. गावातले लोक काय म्हणतील, ही एक गोष्ट होती. बायको तिकडे आणि हा इकडे पोरीच्या वेण्या घालतो. पण ती लहान गोष्ट. खरं भय वेगळं होतं. कापसाला टेकून इंग्रजीत अडखळणारी ही बाई एक दिवस अडखळणार नाही. मग ती तिकडच्या लोकांशी बोलेल, हसेल, भांडेल. आणि मी खुर्चीवर बसून फक्त वेळ लावत असेन. ती परत आलीच नाही तर, हा विचार मी मनात पुरता येऊही देत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना तिनं पुन्हा फॉर्म भरला. डिसेंबरातली तारीख मिळाली. जानेवारीत गुण कळवले नाहीत तर जागा जाणार होती. म्हणजे ही शेवटचीच वेळ.

"तुम्ही घ्यान ना तयारी? आता रोज दोन-दोन कार्डं," ती म्हणाली.

"घेईन ना," मी म्हणालो.

आणि मी घेतली. रोज. त्या मुलीला हेच सांगितलं मी, आणि इथपर्यंत ते खरंच आहे.

पण कशी घेतली? ती बोलत असली की मी मध्येच एखादा शब्द सुधारायचो. कधी तो चुकलेला असायचा, कधी नसायचाही. चांगलं बोलली की म्हणायचो, "ठीक आहे." अडखळली की मोठा श्वास सोडायचो, तिला ऐकू जाईल असा. तिला जड जाणारी कार्डं मी वरच ठेवायचो. हे सगळं मी ठरवून करत होतो का? तेव्हा विचारलं असतं तर मी रागावलो असतो. परीक्षक काय लाड करणार आहे तिचे, असं म्हणालो असतो.

थंडी वाढली. माय अंगावर शाल घेऊन खोलीत येऊन बसायला लागली. कापसात अडकलेली वाळकी पत्ती निवडत ती ऐकायची. सुरुवातीला मला वाटलं, ती माझ्या बाजूनं बसली आहे. एका संध्याकाळी मी वैशालीला तिसऱ्यांदा अडवलं तेव्हा माय हातातला कापूस खाली ठेवून म्हणाली, "तिले बोलू दे ना. काऊन मधात मधात टोकून राह्यला?"

"तुले समजते का ती काय बोलते ते?"

"नाई समजत. पण ती कधी थांबते आन् तू कधी थांबवते, ते समजते मले."

वैशालीनं खाली मान घातली. तिच्या केसांत कापूस होता. मी म्हणालो, "बरं, पुन्हा सुरू कर."

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. कार्ड होतं, तुम्ही घेतलेला एखादा कठीण निर्णय. तिनं एक मिनिट डोळे मिटले आणि बोलायला लागली. मनूबद्दल बोलत होती ती. मनूला सोडून जायचं ठरवलं त्याबद्दल. ड्यूटीला निघताना मनू रोज पदर धरते आणि आता ते दोन वर्षं होणार नाही, असं काहीतरी. तिचं इंग्रजी साधं होतं, वाक्यं लहान होती, पण थांबत नव्हती. कुठेच थांबत नव्हती.

"वेळ झाली," मी म्हणालो.

ती थांबली. उठली, माझ्या हातातला मोबाईल तिनं वळवून बघितला. आकडे अजून पळत होते.

"पंचवीस सेकंद आहेत अजून," ती म्हणाली.

"चुकून बोललो."

"हाव," ती म्हणाली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली. त्या दिवसापासून मोबाईल ती आपल्या मांडीवर ठेवायला लागली. मला फक्त कार्ड वाचायला द्यायची.

परीक्षेच्या दिवशी तिला एकटीला जाऊ द्यायला मी तयार नव्हतो. मीच म्हणालो, गाडीवर नेतो. नऊला केंद्रावर हजर व्हायचं होतं. साडेपाचला निघालो. मनू झोपेतच होती. मायनं वैशालीच्या हातावर दही ठेवलं.

सेलूपर्यंत धुकं होतं. हिरव्या तुरींची शेतं दोन्हीकडून काळी दिसत होती आणि हेडलाईटसमोर धुराचे लोळ यावेत तसं धुकं येत होतं. मी हळू चालवत होतो. धुकं होतं म्हणून, आणि नंतर धुकं विरळ झालं तरी. मागे वैशाली पुटपुटत होती. हेल्मेटमुळे शब्द कळत नव्हते, फक्त पाठीवर तिच्या हनुवटीची हालचाल जाणवत होती.

"थोडी जोरात घ्या ना," ती दोनदा म्हणाली.

केळझर आलं आणि मी गाडी गणपतीच्या देवळाकडे वळवली.

"आता नको," ती म्हणाली. "येताना जाऊ."

"पाच मिनिटं. परीक्षेले चाललो आन् तोंडासमोरून जायचं?"

"अहो, खरंच नको. उशीर होईन."

मी गाडी लावली. ती उतरली, पण पायऱ्यांपाशीच उभी राहिली. मी एकटाच वर गेलो. गाभाऱ्यात नुकतीच पूजा झाली होती, फरशी ओली होती, पायांना थंडी झोंबत होती. मी हात जोडले आणि काय मागावं ते सुचेना. तिला पास कर, असं म्हणायला गेलो तर शब्द पुढे सरकले नाहीत. नापास कर, असंही म्हणवलं नाही. मी नुसता उभा राहिलो. किती वेळ, ते मला खरंच माहीत नाही. पाच मिनिटं नक्कीच नव्हती.

खाली आलो तर वैशाली नव्हती. तिचं हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलेलं होतं. शेजारी फुलं विकणारी बाई म्हणाली, "त्या ताई रस्त्याकडे गेल्या. एसटी येऊन राह्यलीती, पळत गेल्या."

मी गाडी काढली. किक मारताना पाय घसरला, नडगी सोलली. रस्त्याला लागलो आणि त्या दिवशी पहिल्यांदा गाडी जोरात चालवली. एक ट्रक, दुसरा ट्रक, एक लग्नाची गाडी. एसटी मला बुटीबोरीच्या अलीकडे दिसली. मी तिच्या बाजूनं पुढे गेलो आणि वर बघितलं. वैशाली खिडकीशी बसली होती. काच बंद होती. तिचे ओठ हलत होते.

तिनं मला बघितलं. मी हातानं खूण केली, उतर म्हणून. तिनं बघितलं, आणि पुन्हा समोर बघायला लागली. ओठ हलतच राहिले.

मग मी मागे आलो. एसटीच्या मागे, तिच्या धुरात, नागपूरपर्यंत गेलो. ओलांडून पुढे जायची हिंमत झाली नाही आणि वळून घरी जायचीही नाही. त्या तासाभरात मला काय वाटलं ते लिहायला मी आज बसलो आहे, आणि तरी लिहिता येत नाही. लाज वाटली, एवढं लिहितो.

ती उतरून रिक्षा करत होती तेव्हा मी तिला गाठलं. "वैशाली, मी..."

"आता माझ्याशी काई बोलू नका," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "डोक्यात इंग्रजी बसवली आहे मी. मराठीत भांडली तर सगळी उठून जाईन. पेपर झाल्यावर बोला."

पंधरा मिनिटं शिल्लक असताना ती केंद्राच्या दारातून आत गेली.

दिवसभर मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. आत गेलेल्या पोरांचे आईबाप, भाऊ, सगळे तिथेच घुटमळत होते. एकजण जप करत होता. लिहिण्याचे पेपर दुपारी संपले, बोलण्याची तिची वेळ चारची होती. मी साडेचारला दाराकडे बघायला लागलो आणि ती बाहेर येईपर्यंत नजर हलवली नाही.

तिचा चेहरा वाचता येत नव्हता. मी चहा सांगितला. ती माझ्याशेजारी बाकावर बसली, दोन्ही हातांत ग्लास धरून. मी तिला सगळं सांगितलं. पहिल्या निकालाच्या दिवशी मला आनंद झाला होता. मी तिला मुद्दाम अडवत होतो. केळझरला मी देवापुढे नुसताच उभा होतो.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. माझा निकाल खराब आला आन् तुम्ही मले जेवायले वाढलं. सात वर्षांत पहिल्यांदा."

"मग तरी मलेच काऊन तयारी घ्यायले लावली?"

तिनं चहा संपवला. "तुमच्यासमोर बोलता आलं, तर कोणासमोरही बोलता येईन, असं वाटलं मले," ती म्हणाली. "आन् तुम्ही सुधरान, असंही वाटत होतं. दोन्ही."

परत येताना आम्ही कुठेच थांबलो नाही.

बोलण्यात तिला साडेसात मिळाले. निकाल तिनं मायला आधी सांगितला, मग मला. माय पदरानं डोळे पुसत राहिली आणि मग म्हणाली, "जा. लेकराचं आम्ही पाहू." मी म्हणालो, "हो." मला वाईट वाटलं होतं आणि मी ते लपवलं नाही. पुढच्या सप्टेंबरात ती गेली. दोन वर्षांनी परत आली. आता वर्ध्याला नर्सिंगच्या मुलींना शिकवते आणि घरी आल्यावर माझ्यासारखीच दमलेली असते. तिकडच्या दोन वर्षांतलं सगळं मला माहीत नाही. कधीकधी ती कुणाशी तरी फोनवर इंग्रजीत बोलते, मनापासून हसते, आणि मी दुसऱ्या खोलीत जातो. भीती पूर्ण गेली, असं मी म्हणणार नाही.

पण ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यातली एक संध्याकाळ मला या दिवसांत हमखास आठवते. मनूला ताप आला होता. चौथा दिवस. दवाखान्यात भरती केलं होतं, हाताला सलाईन होतं, रक्त तपासायला दिलं होतं. आई कुठे आहे, असं ती सारखी विचारत होती. माय पलंगाशी बसून मला म्हणाली, "फोन कर तिले. बलाव. आता नाई येणार तं कधी येणार?"

मी व्हरांड्यात गेलो, फोन लावला. तिकडे दुपार होती. मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ती प्रश्न विचारत गेली. ताप किती, कधीपासून, लघवी होते का, पाणी किती पिली, अंगावर पुरळ आहे का, रक्तातल्या पेशी किती आल्या. मी एकेकाचं उत्तर दिलं. दोनदा म्हणालो, माहीत नाही, विचारून सांगतो.

मग ती म्हणाली, "येऊ का मी?"

व्हरांड्याच्या टोकाला कुणीतरी फरशी पुसत होतं. फिनेलचा वास येत होता. मला माहीत होतं, मी 'ये' म्हटलं तर ती उद्याच निघेल. आणि एकदा आली की तिला परत जायला मी सांगू शकेन की नाही, याची मला खात्री नव्हती.

"नको," मी म्हणालो.

"खरं सांगा."

"खरं सांगतो. मनू घाबरली आहे. मीबी घाबरलो आहे. माय म्हणते तुले बलाव. पण डॉक्टर म्हणतात ताप उतरून राह्यला. मी इथून हलत नाई. तू येऊ नको."

तिच्या मागे कुणीतरी तिला हाक मारली, तिच्या नावातला 'श' वेगळाच उच्चारून. तिनं तिकडे वळून इंग्रजीत झटकन काहीतरी उत्तर दिलं. ते मला कळलं नाही.

मग फोनवर परत आली. "बरं," ती म्हणाली. "दर चार तासांनी ताप पाहा आन् लिहून ठेवा. मी फोन करते."

मी नर्सकडून एक कागद मागून घेतला, रेघा मारल्या, पहिल्या रकान्यात वेळ लिहिली आणि मनूच्या पलंगाशी जाऊन बसलो.